दाबबाई आणि अकरावा प्रश्न

माझी नणंद बायकांची छाती दाबायची नोकरी करते. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कारण याच वहीत मी रोज सकाळी पहिली ओळ देवाच्या नावाची लिहिते. पण काम ते काम, आणि वन्संच्या कामाबद्दल लिहायचं तर दुसरा सोवळा शब्द मला सापडत नाही.

मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाला त्यांची खोली. मध्ये माणसाच्या उंचीचं मशीन. त्याला एक पाट, आणि पाटाच्या वर काचेसारखी आरपार दिसणारी पट्टी. बाईने पाटावर छाती ठेवायची, वन्संनी पायाने पॅडल दाबायचा, पट्टी खाली येते आणि सगळं चपटं करून धरते. तेवढ्या अवधीत फोटो. वरून एक, तिरका एक, दोन्ही बाजूंचे मिळून चार. आत गाठ धरू लागली असेल तर हाताला लागायच्या आधी फोटोत दिसते, म्हणून हा खटाटोप.

दवाखान्यात त्यांना दाबबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्या रागावत नाहीत. आखडून उभ्या राहिलेल्या बाईला म्हणतात, "अगं, सैल सोड. मी काही तुझी सासू नाही." बाई हसते, हसली की खांदा उतरतो, आणि तोवर पट्टी खाली आलेली असते.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे नंदावे, त्याच दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीचे प्रमुख. सगळे त्यांना रेकॉर्डसाहेब म्हणत. कडक इस्त्रीचे कपडे, मऊ बोलणं, दहा वर्षांपूर्वीची फाईल दोन मिनिटांत काढून हातात ठेवणार. आणि घरी जाऊन बायकोला मारणार. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यांतलं एकही वर्ष मार न खाता गेल्याचं मला आठवत नाही. इथून पुढे मी त्याला अहो-जाहो लिहिणार नाही. देवाने मला त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणावं.

त्याने कंगवा त्यांच्या पाठीत मोडला. दाराच्या फटीत बोटं धरून दार लावलं. एकदा तापलेली इस्त्री दंडाला टेकवली आणि म्हणाला, "दहापर्यंत मोज." वन्संनी मोजलं. सहाला आवाज फाटला म्हणून त्याने पुन्हा एकपासून सुरू करायला लावलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीन मध्येच अडलं म्हणून त्या पाऊण तास उशिरा घरी पोचल्या. त्याने दारातच केसांना धरून खाली पाडलं आणि पायातला बूटही न काढता छातीवर लाथा घातल्या. डाव्या बाजूला. तीन की चार, त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. ब्लाउजचे हूक मी काढले. काळाजांभळा डाग, आणि त्यात बुटाच्या टाचेची अर्धी कड शिक्क्यासारखी उमटलेली. मी फडक्यात बर्फ गुंडाळून धरला. आणि तेव्हा मी काय म्हणाले तेही लिहायलाच हवं. मी म्हणाले, "वन्सं, सोसा. देव बघतोय."

"बघतोय हे मलाही माहीत आहे, वहिनी," त्या दात आवळून म्हणाल्या. "बघण्यापलीकडचं काही त्याच्या खात्यात येतं का, तेवढं एकदा विचारून सांग." तासाभराने त्या कामावर गेल्या.

त्यानंतर सहा महिन्यांनी नवं मशीन आलं. जुनं मशीन फिल्मवर फोटो काढायचं. नवं डिजिटल, फोटो थेट पडद्यावर, हवा तेवढा मोठा करून बघता येणार. दवाखान्यात नव्याचं कौतुक करणारे पुष्कळ. पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "चकाकतंय म्हणून घ्यायचं नाही. आधी पारखायचं." ही पारख वर्षभराच्या वर चालली. येणाऱ्या प्रत्येक बाईचे त्याच दिवशी दोन्ही मशीनवर फोटो. एका खोलीतला डॉक्टर उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून मत लिहायचा, दुसऱ्या खोलीतला पडद्यावर बघून. एकाचं मत दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. फोटोंवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, त्याची वही रेकॉर्डच्या खोलीत कुलपात. म्हणजे त्याच्याकडे. शेवटी मांडायचं ते इतकंच, की आजार कोणाला सापडला, कोणाच्या नजरेतून निसटला, आणि आजार नसताना कोणी उगाच घाबरवलं.

फोटोआधी प्रत्येक बाईचा गुलाबी फॉर्म भरायचा. एकोणीस प्रश्न. अकरावा असा, की छातीला कधी मार लागला आहे का, केव्हा, कशाने. कारण मार बसला की आतली चरबी मरते, तिथे पुढे चुना धरतो, आणि त्याचे पांढरे ठिपके फोटोत कधीकधी हुबेहूब आजाराच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

सगळ्या बायका अकराव्याला पटकन "नाही" म्हणत. वन्संची एक रीत होती. प्रश्न विचारून झाला की त्या पेन खाली ठेवायच्या, बाईकडे पाठ करायच्या आणि स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसत बसायच्या. आधीच लख्ख असलेली पट्टी. "मी तुझ्याकडे बघत नाहीये," म्हणायच्या. "मला ही पुसायला वेळ लागतो." मग पाठीमागून आवाज यायचा. उलथन्याने. पट्ट्याने. कोपराने, मी झोपेत असताना. दिराने. वन्सं वळायच्या, लिहायच्या, आणि एक शब्द न बोलता बाराव्यावर जायच्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "दाबबाई, तुमच्याच फॉर्मांवर इतके 'हो' कसे? धाकटीकडे तर एकही नाही." धाकटी म्हणजे त्या खोलीतली दुसरी टेक्निशियन, कोवळी पोर.

"ती प्रश्न वाचते, मॅडम," वन्सं म्हणाल्या. "मी विचारते."

शेवटच्या महिन्यांत बायका कमी पडायला लागल्या, तेव्हा ठरलं, की दवाखान्यातल्याच पन्नाशीच्या नर्सा, आया, टेक्निशियन या सगळ्यांचेही फोटो घ्यायचे. वन्संचा फॉर्म धाकटीने भरला. अकरावा प्रश्न ती वाचून संपवायच्या आतच वन्संनी सांगून टाकलं, "नाही. पुढे चल." दुसरं काय सांगणार? फॉर्म संध्याकाळी रेकॉर्डला जायचे. नंबरामागचं नाव त्याला ठाऊक, आणि अकराव्याचं उत्तर तो आधी शोधणार.

फिल्म बघणाऱ्या डॉक्टरने लिहिलं, काही नाही. पडद्यावर बघणाऱ्याने लिहिलं, डाव्या बाजूला बारीक ठिपक्यांचा पुंजका, सुई घालून तुकडा काढावा आणि तपासावा.

अशा बायकांना बोलवायची चिठ्ठी रेकॉर्डमधूनच निघते. ती त्याने पाठवली नाही. खिशात घालून घरी आणली.

"फॉर्मवर काय लिहिलंयस?"

"वाचलंत ना तुम्ही. 'नाही' लिहिलंय."

"मग ठिपके कसले?"

"सुई घातली की कळेल."

"सुई घालायची नाही," तो म्हणाला. असले तुकड्यांचे रिपोर्ट रोज त्याच्याच हातून जातात. त्यात "जुना मार" असं छापून आलं, तर ज्या लोकांना तो रोज फाईली काढून देतो, तेच वाचणार, हे त्याला पक्कं माहीत. त्याने चिठ्ठी फाडली, तिचे तुकडे वन्संच्या तोंडात कोंबले आणि जबडा दोन्ही हातांनी मिटून धरला. गिळल्यावरच सोडला. मग डोकं भिंतीवर आपटलं, एकदा चिठ्ठीबद्दल आणि एकदा, त्याच्याच शब्दांत, पुढच्या चिठ्ठीबद्दल. "सुईच्या टेबलावर चढलीस तर उतरणार नाहीस," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. ओठ फुटलेला, डावा कान बंद झालेला. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आजार आहे की त्याचा बूट आहे, मला सांगता येत नाही."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"पंचवीस वर्षं हेच बघतेय मी. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर पैजेवर सांगितलं असतं. स्वतःचा चारदा बघितला. बूट असेल तर काही करायचं नाही. आजार असेल तर एकेक महिना जड आहे. सुई घातल्याशिवाय कळणार नाही, आणि घातली तर तो जिवंत ठेवणार नाही."

आमचे हे पेपरची घडी घालत होते. म्हणाले, "ताई, मी बोलू का त्यांच्याशी? नीट शब्दांत?"

"सत्तावीस वर्षं तू शब्दच जुळवतोयस, बाळ," वन्सं म्हणाल्या. ह्यांनी पेपर पुन्हा उघडला.

मी देवापुढे जाऊन बसले. हात जोडले, पण मागायला शब्द सुचेना. वन्संना सोसायचं बळ दे, असं आजवर मीच मागत आले होते. आणि देवाने ते भरभरून दिलं होतं, हीच पंचाईत झाली होती. मी उठले, बाहेर आले आणि म्हणाले, "कधी आहे सुई?"

"गुरुवारी अकराला. मॅडमना तोंडी सांगितलंय. पण त्या दिवसाची यादी रेकॉर्डला जाणारच."

"मी येते."

"येऊन काय करशील?"

"बसेन."

त्या हसल्या. ओठ फुटलेला होता म्हणून अर्ध्याच हसल्या. "बस," म्हणाल्या. "बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

गुरुवारी मी खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. वन्संनी पेशंटचा निळा गाऊन घातला होता, एक बाजू उघडी. धाकटी बोटांच्या टोकांनीच त्यांना हात लावत होती, तर वन्संच तिला सांगत होत्या, "खांदा ढकल माझा. अजून. घाबरतेस काय, मी काय चावते?" सुई कुठे घालायची ते ठरवायला नव्या मशीनवर आधी एक फोटो लागतो. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत हात धूत होत्या.

तो दार लोटून आत आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आधी माझ्याकडे बघून मान हलवली, घरी आल्यावर हलवायचा तशी. मग डाव्या हाताने वन्संचे केस मुठीत धरले, आधारासाठी उजवा हात मशीनच्या पाटावर टेकला, आणि त्यांचं तोंड मशीनच्या खांबावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. दात लोखंडावर लागल्याचा आवाज आला. निळ्या गाऊनवर रक्ताची धार गेली. तिसऱ्यांदा केस मागे ओढताना तो अगदी शांतपणे म्हणत होता, "सांगितलं होतं. सांगितलं होतं ना?"

वन्संचा पाय जमिनीवर काहीतरी शोधताना मला दिसला. मला वाटलं, शुद्ध हरपतेय. शुद्ध नव्हती हरपत. पॅडल शोधत होत्या.

पट्टी खाली आली आणि पाटावर टेकलेल्या त्याच्या उजव्या मनगटावर बसली. त्याला आधी कळलंच नाही. हात ओढायला गेला तेव्हा कळलं. वन्संनी पॅडल आणखी दाबला. मोटर गुरगुरली आणि थांबली. ते मशीन वीस किलोच्या वर दाबत नाही. हाड मोडत नाही. पण सुटूही देत नाही.

तो ओरडला. केस सोडून डाव्या हाताने त्यांच्या कानावर, मानेवर, मिळेल तिथे मारू लागला. बाजूला स्टीलचा ट्रे होता, सुईच्या सामानाचा. तो मी उचलला आणि त्याच्या डाव्या कोपरावर मारला. सामान सगळीकडे उडालं. मी पुन्हा मारला. तोंडात देवाचं नाव होतं, हे खरं आहे. तिसऱ्यांदा मारला तेव्हा त्याचा हात खाली लोंबला, आणि चौथ्यांदा मारायचं कारण नव्हतं तरी मी मारला.

धाकटीचा हात मशीनच्या लाल बटणाकडे गेला. ते दाबलं की पट्टी सुटते.

"हात लावू नकोस," वन्सं म्हणाल्या. तोंडात रक्त होतं, ते त्यांनी जमिनीवर थुंकलं. त्यात दाताचा तुकडा होता. "सुईसाठी फाईल आलीय, तिच्यातून माझा फॉर्म काढ. अकरावा."

"बाई, आत्ता?"

"आत्ता. 'नाही' खोड. 'हो' लिही. केव्हा? दोन वर्षं झाली, मशीन बंद पडलं तो दिवस, लॉगबुकात तारीख आहे. कशाने? बुटाने. कोणी..." त्या थांबल्या. "कोणी, असा रकाना नाहीये आपल्या फॉर्मवर. कडेला लिही. नंबर नको घालूस. नाव लिही."

तो म्हणत होता, "अगं, हात. हात तुटतोय माझा. अगं, लोक आहेत." दारात खरंच लोक होते. तपासणीला आलेल्या बायका निळे गाऊन आवळून उभ्या होत्या, आणि त्यांतली एकही पुढे येऊन त्याला सोडवत नव्हती.

डॉक्टरीणबाई ओले हात तसेच घेऊन धावत आल्या. "दाबबाई, सोडा त्यांना."

"एक ओळ राहिलीय, मॅडम."

धाकटीने ती ओळ लिहिली. वन्संनी वाचून बघितली. मग लाल बटण त्यांनी स्वतः दाबलं. तोवर दोन वॉर्डबॉय येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात करू. वन्सं म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी त्याला सापडेन." ओठाला चार टाके घातले, आणि दुपारी दोन वाजता सुई घातली. मी बाहेर बाकावर बसले होते. माझी बोटं ट्रेच्या आकाराचीच आखडून राहिली होती, सरळ होईनात.

त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार झाली. दवाखान्याने त्याला कामावरून थांबवलं. आणि वन्संनाही नोटीस दिली, की रुग्णांच्या तपासणीचं मशीन पुरुषाच्या हातावर का वापरलं. त्यांनी खाली लिहून दिलं, "हात तिथे होता." डॉक्टरीणबाईंनी ते पुढे पाठवलं की फाडलं, माहीत नाही.

आठ दिवस वन्सं आमच्या मागच्या खोलीत राहिल्या. दार वाजलं की भाजी चिरायची सुरी घेऊनच बाहेर यायच्या. दूधवाला दोनदा घाबरला.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. आजार नाही. माराने मेलेली चरबी, त्यात धरलेला चुना. मी हात जोडायला गेले, तर वन्सं म्हणाल्या, "थांब जरा. एवढ्यात आभार नको मानूस. आजार असता तर कापून बरणीत टाकला असता. याला कुठून कापू?" आणि रिपोर्टचा कागद मांडीवर ठेवून त्यांनी त्यावर मूठ आपटली. आपटत राहिल्या, बोटांच्या सांध्यांची कातडी निघेपर्यंत. मी धरायला गेले नाही.

कामावर गेल्यावर आणखी एक निघालं. पारखीच्या तक्त्यात त्यांचा फोटो "उगाच घाबरवलं" या रकान्यात गेला होता, नव्या मशीनची एक चूक म्हणून. नियम असा, की फोटो बघताना फॉर्मवर जे उत्तर होतं तेच धरायचं. वन्सं तक्ता घेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "मशीन चुकलं नाही, मॅडम. तिथे होतं तेच त्याने दाखवलं. जुन्याला तर तेही दिसलं नाही. खोटं मी बोलले, मशीन नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नियम मोडता येत नाही. अर्धा तास वाद झाला. शेवटी तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप घातली, की एका स्त्रीने मारहाणीची माहिती भीतीपोटी दडवली होती. "भीतीपोटी" हा शब्द डॉक्टरीणबाईंना नको होता. वन्संनी तो राहू द्यायला लावला.

मग कपडे आणायला आम्ही दोघी त्या घरी गेलो. खाली हे टॅक्सी थांबवून उभे होते. दार उघडंच होतं. तो टेबलाशी बसला होता, उजव्या मनगटाला पट्टी, दोन बोटं अजून बधिर आहेत म्हणे. वन्सं त्याच्यासमोरून आत गेल्या, कपाट उघडलं, बॅग भरली. तो बघत राहिला. त्या बाहेर आल्या तेव्हा म्हणाला, "आजार निघाला का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही निघालात."

आम्ही उंबऱ्याशी पोचलो, तेवढ्यात मागून स्टीलचा पेला आला. डाव्या हाताने फेकलेला, नेम चुकला आणि माझ्या खांद्याला लागला. वन्संनी बॅग खाली ठेवली. परत आत गेल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात उगारला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

त्याने डावा हात तोंडासमोर आडवा धरला, कोपर बाहेर, मान खांद्यात घालून. वन्संना मी सत्तावीस वर्षं जसं बघत आले, अगदी तसंच. मार कसा चुकवायचा, हे त्याला पुरतं माहीत होतं.

तो हात खाली घेईपर्यंत वन्सं तिथून हलल्या नाहीत. त्याला पुष्कळ वेळ लागला. खालून टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मग त्यांनी बॅग उचलली आणि आम्ही जिना उतरलो.